वाढत्या शहरातले तुटके रस्ते कसे शोधायचे, कसे मोजायचे

खानदेशातल्या कुठल्याही वाढत्या गावाच्या नव्या कॉलनीत जा आणि मधल्या रस्त्याने सरळ शेवटपर्यंत चाला. रस्ता एकदम संपतो. पुढे बांध, बांधावर दोन बाभळी, कोणीतरी आणून टाकलेला राडारोडा आणि त्यावरून पायांनी गुळगुळीत केलेली हातभर रुंदीची वाट. पलीकडे दुसऱ्या कॉलनीचा रस्ता, तोही तसाच संपलेला. दोन्हींच्या मध्ये अंतर बारा-पंधरा मीटर. पायी माणूस पार होतो, सायकल उचलून न्यावी लागते. घंटागाडी, रुग्णवाहिका आणि पाण्याचा टँकर यांना मात्र महामार्गापर्यंत मागे येऊन दुसऱ्या फाट्याने आत शिरावं लागतं.

शहर वाढलं की रस्त्यांची लांबी वाढते, ते सगळ्यांना दिसतं. ते रस्ते एकमेकांना किती जोडलेले आहेत हे कोणी मोजत नाही, आणि दुखणं नेमकं तिथे असतं. मोजणी अवघड नाही. दोन माणसं, एक सायकल, छापलेला नकाशा आणि चार रंगीत पेन्सिली असल्या तर एक चौरस किलोमीटरचं काम अर्ध्या दिवसात उरकतं. कॉलनीतले रहिवासी, नगरसेवक, भूगोलाचे आणि स्थापत्यचे विद्यार्थी, प्लॉट घ्यायच्या बेतात असलेलं कुटुंब, यांपैकी कोणीही हे करू शकतं.

आधी शहराचे थर ओळखा

मोजायला बसण्याआधी शहर कोणत्या क्रमाने वाढलं ते नकाशावर वेगवेगळ्या रंगांत दाखवा. हे न करता सबंध शहराचा एकच आकडा काढला तर तो फसवतो. जुना भाग दाट आणि भरपूर चौफुल्यांचा असतो, त्यामुळे नवा भाग कितीही तुटका असला तरी सरासरी बरी दिसते.

पहिला थर गावठाण. वाकड्या गल्ल्या, बोळ, मधेच एखादी बंद गल्ली. चारचाकी शिरत नाही, पण पायी माणसाला कुठूनही कुठेही जाता येतं. दुसरा थर आखलेल्या पेठांचा. याचं खानदेशातलं सर्वांत स्पष्ट उदाहरण धुळे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने १८१९ मध्ये धुळ्याला मुख्य ठाणं केलं. जुन्या धुळ्याच्या बाजूला सरळ रस्त्यांची नवी वस्ती उभी राहिली. गल्ली नंबर अमुक असा पत्ता धुळेकर आजही सांगतात, तो त्या आखणीचाच वारसा. समांतर गल्ल्या, त्यांना काटकोनात छेदणारे रस्ते, आग्रा रोड हा मुख्य बाजार. अशा भागात एक गल्ली मिरवणुकीने अडली तर शेजारच्या गल्लीने निघून जाता येतं. जोडणी चांगली म्हणजे इतकंच.

तिसरा थर रेल्वेचा. भुसावळला रुळांचं मोठं यार्डच शहराच्या मधोमध आहे. जळगावात मुंबई-भुसावळ मार्ग आणि सुरतेकडून येणारा मार्ग एकत्र येतात. नंदुरबार सुरत-भुसावळ मार्गावर, चाळीसगाव हे धुळ्याकडे फाटा फुटणारं जंक्शन. रेल्वेमुळे बाजार वाढले, वखारी आल्या, आणि त्याच रुळांनी गावाचे दोन भाग केले.

चौथा थर कॉलन्यांचा, आणि खरी गोष्ट इथे घडते. शेत बिनशेती होतं तेव्हा ते गटाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या तुकड्याच्या, आकारातच होतं. आपल्याकडचे बरेच गट लांबट पट्ट्यांसारखे आहेत. ले-आऊट आखणारा पट्ट्याच्या मधून एक रस्ता घेतो, दोन्ही बाजूंना प्लॉट पाडतो आणि रस्ता मागच्या बांधाशी थांबवतो. शेजारचा गट पाच वर्षांनी दुसरा माणूस विकसित करतो. तोही तसंच करतो. दहा गटांचे दहा रस्ते, सगळ्यांची तोंडं एकाच जुन्या गाडीवाटेकडे किंवा महामार्गाकडे, आणि मागे दहा बंद टोकं. कंगव्याचे दात असावेत तसं.

एक बारीक गोष्ट: सगळ्यात वाईट तुटातुट दोन गावांच्या शिवेवर सापडते. एका गावाचे गट शिवेपाशी संपतात, नकाशाचा कागदही तिथेच संपतो, आणि पलीकडच्या गावचा कागद वेगळा. दोन्ही बाजूंनी आखणाऱ्याने आपापल्या कागदाच्या कडेपर्यंतच पाहिलेलं असतं. वलवाडी, महिंदळे, अवधान यांसारखी गावं धुळे महापालिकेच्या हद्दीत आली, मेहरूण-पिंप्राळा जळगावात मिसळून गेली. अशा ठिकाणी जुनी शीव नकाशावर गडद रेघेने काढून घ्या आणि मोजणी तिच्या दोन्ही बाजूंना घ्या.

नकाशा तयार करणं

प्रत्येक थरातून १ किलोमीटर × १ किलोमीटरचा एक चौकोन निवडा. गाव लहान असेल तर ५०० मीटरचा चालेल, पण मग सगळे चौकोन ५०० मीटरचेच ठेवा. १:५,००० या प्रमाणात छापलं तर १ किलोमीटर म्हणजे २० सेंटिमीटर. ए-३ कागदावर व्यवस्थित बसतो आणि कडेला नोंदींना जागा उरते.

पायाभूत नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून घ्या. आपल्याकडच्या लहान शहरांत त्यातले कॉलनीरस्ते बऱ्याचदा अर्धवट असतात, म्हणून गुगल अर्थचं उपग्रहचित्र शेजारी ठेवून राहिलेले रस्ते हाताने भरा. चित्र निवडताना एप्रिल-मे मधलं घ्या. शेतं रिकामी असतात, गाडीवाटा पांढऱ्या रेघांसारख्या स्पष्ट उठून दिसतात. ऑगस्ट-सप्टेंबरच्या चित्रात कापसाखाली त्या दडतात. रावेर-यावलकडे केळीमुळे बाराही महिने हीच अडचण, तिथे जागेवर जाण्याला पर्याय नाही.

त्यावर महाभूनकाशाच्या संकेतस्थळावरून गटांच्या हद्दी आणि तलाठी किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळणारा गाव नकाशा. गाव नकाशात दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाते. ही माहिती कामाची आहे, कारण आज जो ‘कॉलनीचा मुख्य रस्ता’ म्हणून ओळखला जातो तो बहुतेक वेळा जुना गाडीमार्गच असतो, आणि नकाशात असलेला दुसरा गाडीमार्ग कोणाच्या तरी कंपाउंडमध्ये गेलेला असतो. तो शोधून लाल पेन्सिलीने काढा. नवा रस्ता मिळवण्यापेक्षा नोंदीत असलेला रस्ता मोकळा करून घेणं सोपं जातं. आजूबाजूला अजून शेती असेल आणि वाट नुकतीच अडवली असेल, तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

संगणकावर करायचं असेल तर क्यूजीआयएस ही नकाशांची प्रणाली फुकट मिळते. क्विकओएसएम या जोडप्रणालीतून रस्ते उतरवून घ्या आणि लांबी मोजण्याआधी नकाशाचं प्रक्षेपण ईपीएसजी ३२६४३ (मीटरमध्ये मोजणारं यूटीएम प्रक्षेपण) करा. खानदेश यूटीएमच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो. अक्षांश-रेखांशातच मोजत राहिलात तर उत्तर अंशांत येईल, मीटरमध्ये नाही. पायथॉन ही संगणकाची भाषा येत असेल तर ओएसएमएनएक्स हे साधन चौक मोजण्यापासून वळशापर्यंत सगळं काढून देतं. तरीही पहिला चौकोन कागदावर हाताने मोजाच. कुठे काय चुकतं ते त्याशिवाय कळत नाही.

मोजायचे नियम

दोन शब्द ठरवून घेऊ. रस्ते जिथे मिळतात किंवा संपतात तो ‘जोड’, आणि दोन जोडांमधला रस्त्याचा तुकडा म्हणजे ‘कांडं’, उसाचं असतं तसं. जोड तीन प्रकारचे: चौफुली (चार वाटा), तिठा (तीन वाटा) आणि बंद टोक (एक वाट). रस्त्याचं नुसतं वळण हा जोड नाही.

गोंधळ होतो तो पुढच्या ठिकाणी, म्हणून आधीच ठरवा. समोरासमोर न येता थोडे सरकलेले दोन तिठे १५ मीटरच्या आत असतील तर एक चौफुली धरा. दुभाजक असलेला रस्ता ही एकच रेघ (जिथे दुभाजक समोर जाऊ देत नाही तिथे मात्र चौफुली नाही, ते पुढे महामार्गाच्या भागात). नकाशात त्याच्या दोन रेघा असतात आणि संगणक एका चौकाचे दोन किंवा चार चौक मोजतो. अमळनेरपासून जळगावपर्यंत कुठेही हीच चूक सर्वांत जास्त सापडते. उड्डाणपुलाखालून जाणारा रस्ता पुलाला मिळत नाही, तिथे जोड नाही. गेट कायम कुलूपबंद असलेली सोसायटी म्हणजे बंद टोक, मग नकाशात रस्ता आरपार दिसो. विकास आराखड्यात रंगवलेला पण जमिनीवर नसलेला डीपी रस्ता मोजायचा नाही. त्याची वेगळ्या रंगाने नोंद ठेवायची, पुढे लागेल.

पायी जाळं आणि गाड्यांचं जाळं वेगवेगळं मोजा. गावठाणात पायी जाळं गाड्यांच्या जाळ्यापेक्षा कितीतरी समृद्ध असतं. कॉलनीत दोन्ही जवळपास सारखी निघतात. फरक पडतो तो फक्त बांधावरच्या त्या पाऊलवाटांमुळे. त्या प्रत्येक वाटेवर नकाशात ठिपका द्या. लोकांनी स्वतःच्या पायांनी ‘इथे रस्ता हवा’ असं लिहून ठेवलेलं असतं, एवढा खरा पुरावा दुसरा नाही. सकाळी सात ते नऊ या वेळात तिथे उभं राहून माणसं, सायकली आणि दुचाक्या मोजल्या तर त्या ठिपक्याला आकडा मिळतो. शाळा सुरू असलेला दिवस निवडा. आठवडे बाजाराचा दिवस नको.

हिशोब

कांडी एकेक करून मोजायची गरज नाही. चौफुल्यांना ४ ने, तिठ्यांना ३ ने आणि बंद टोकांना १ ने गुणा, बेरीज करा, तिची निम्मी करा. प्रत्येक कांड्याला दोन टोकं असल्यामुळे हे जमतं. चौकोनाच्या कडेवर कापलं जाणारं कांडं यात आपोआप अर्धं धरलं जातं, कारण त्याचं एकच टोक आत असतं. ते बरोबरच आहे. उरलेलं अर्धं शेजारच्या चौकोनाचं.

समजा आखलेल्या पेठेतल्या चौकोनात ३० चौफुल्या, १८ तिठे आणि २ बंद टोकं मिळाली. जोड ५०. कांडी (१२० + ५४ + २) ÷ २ = ८८. कांडी भागिले जोड = १.७६. आता समजा कॉलनीच्या चौकोनात ४ चौफुल्या, ३० तिठे आणि १६ बंद टोकं आहेत. जोड पुन्हा ५०. कांडी (१६ + ९० + १६) ÷ २ = ६१. गुणोत्तर १.२२.

जोडांची संख्या सारखीच, तरी फरक केवढा. पूर्ण चौकटीच्या आखणीत हे गुणोत्तर २ च्या जवळ जातं. झाडाच्या फांद्यांसारखं जाळं असेल, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला एकच वाट, तर ते १ च्या किंचित खाली येतं. अमेरिकेतल्या काही शहरांच्या ले-आऊट नियमांत १.४ ही किमान मर्यादा असते. आपल्याकडेही १.४ च्या खाली गेलेला चौकोन पाहिला की समजावं, इथे वळसे आहेत.

दुसरा आकडा: कांड्यांतून जोड वजा करून १ मिळवा. पेठेत ८८ − ५० + १ = ३९, कॉलनीत ६१ − ५० + १ = १२. चौकोनात अंदाजे इतके बंद फेरे आहेत, म्हणजे इतक्या ठिकाणी पर्यायी वाट आहे. (कडेवरच्या अर्ध्या कांड्यांमुळे हा आकडा थोडा पुढे-मागे होतो.) एकेका गटाचा ले-आऊट सुटा मोजला तर हा फेऱ्यांचा आकडा बऱ्याचदा शून्य येतो. मग जलवाहिनीसाठी एकदा रस्ता खोदला की आतली सगळी घरं अडकतात.

तिसरा, बंद टोकांचा टक्का. पेठेत ५० पैकी २, म्हणजे ४ टक्के. कॉलनीत ५० पैकी १६, म्हणजे ३२ टक्के. बैठकीत समजावून सांगायला हाच आकडा उपयोगी पडतो, लोकांना तो लगेच डोळ्यांपुढे दिसतो.

दर चौरस किलोमीटरला किती चौक, हा आकडाही पुष्कळ जण काढतात. काढा, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. दीड-दीड गुंठ्याचे प्लॉट पाडले की रस्ते जवळजवळ येतात, तिठे वाढतात आणि आकडा फुगतो. बाहेर पडायची वाट मात्र एकच राहते.

वळसा

आता नकाशावरून उठून जमिनीवर या. चौकोनात घर आणि रोजच्या गरजेचं ठिकाण (शाळा, किराणा, दवाखाना, बसथांबा) अशा दहा जोड्या निवडा, सरळ रेषेत २०० ते ४०० मीटर अंतराच्या. सरळ अंतर पट्टीने मोजा, रस्त्याचं सायकलने किंवा मोबाइलवर. रस्त्याचं अंतर भागिले सरळ अंतर म्हणजे वळसा. चौकटीच्या आखणीत तो १ ते १.४१ च्या मध्ये राहतो, सरासरी १.२७ च्या आसपास. कॉलन्यांत २ आणि ३ सहज येतात. बांधाच्या दोन बाजूंच्या जोड्या घेतल्या तर याहून वाईट: शाळा सरळ १८० मीटरवर आणि गाडीने वाट १,१५० मीटर असेल, तर वळसा ६.४. त्यातला बराचसा भाग महामार्गाच्या कडेने. लहान मुलाला दुचाकीवरून सोडायची सवय इथे लागते, आणि ती घरच्यांच्या आळसामुळे लागत नाही.

जोड्या निवडताना प्रामाणिक राहा. सगळ्या वाईट जोड्या गोळा केल्या तर आक्षेप घेणारा पहिल्याच मिनिटाला ते दाखवून देतो. डोळे मिटून नकाशावर पेन्सिल टेकवा आणि जे घर येईल ते घ्या.

नदी, रूळ, महामार्ग

आतापर्यंतचे आकडे चौकोनाच्या आतले. शहराच्या पातळीवर खरी तुट पडते ती तीन लांब रेघांवर: नदी, रूळ आणि महामार्ग. पांझरा धुळे आणि देवपूरच्या मधून, बोरी अमळनेरातून, तितूर चाळीसगावातून वाहते. प्रत्येक रेघेवर ओलांडायच्या जागा मोजा आणि दोन जागांमधलं अंतर लिहा. पायी माणसाला ४०० मीटरपेक्षा जास्त अंतर जाचक होतं.

नदीसाठी दोन मोजण्या करा, उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची. फरशी पूल पाण्याखाली गेला की तो त्या दिवसापुरता जाळ्यातून वजा. पांझरेने १८७२ च्या पुरात धुळ्याचं मोठं नुकसान केलं होतं. नदीकाठच्या शहरात सर्वांत वाईट दिवसाचा नकाशा वेगळा काढून ठेवावाच लागतो. भुयारी मार्गांचंही तेच. पावसात रुळांखालचा बोगदा तुंबला की त्या दिवशी तो नाहीच.

मग झाकून पाहायची परीक्षा: एक पूल अंगठ्याने झाका आणि बाकीच्या नकाशावरून पलीकडे जा. वाट किती लांबली? जळगावचा जुना शिवाजीनगर उड्डाणपूल पाडून नवा होईपर्यंत रुळांपलीकडच्या लोकांनी ही परीक्षा रोज दिली. ज्या दुव्यावर अंगठा ठेवताच अर्धं शहर तुटतं, त्याला समांतर दुसरा दुवा हीच पहिली मागणी असायला हवी.

महामार्गाचा प्रश्न जरा वेगळा. सुरत-नागपूर महामार्ग, म्हणजे आताचा क्रमांक ५३, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा जातो. दोन पदरी होता तेव्हा प्रत्येक गल्लीचं तोंड समोरच्या गल्लीला मिळत होतं. चौपदरी झाला, दुभाजक आला, आणि शेकडो चौफुल्यांचे दोन-दोन अर्धे तिठे झाले: डावीकडून आत, डावीकडून बाहेर. जिवाच्या दृष्टीने दुभाजक हवाच. पण नकाशात तो कापणीची रेघ म्हणून मांडला नाही तर तुमची मोजणी जमिनीशी जुळणार नाही. उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या नेमक्या कुठे दिसतात ते टिपून ठेवा. तिथे समोर जायची वाट फार लांब आहे असा त्याचा अर्थ.

वळणमार्गाकडे आजच लक्ष द्या. जळगावला पाळधी ते तरसोद हा वळणमार्ग शहराबाहेरून काढला. अशा रस्त्याच्या दोन्ही अंगांना पुढे ले-आऊट येतातच. त्याच्याखालचे भुयारी मार्ग आज शेतकऱ्याच्या बैलगाडीसाठी आहेत, वीस वर्षांनी तेच दोन वस्त्यांमधले एकमेव दुवे असतील. म्हणून शहराचे नवे रस्ते त्या भुयारी मार्गांच्या तोंडाशी येऊन मिळतील असेच आखायला हवेत. बोगद्याचं तोंड एका बाजूला आणि रस्ता दोनशे मीटर सरकून, असं एकदा झालं की ते दुरुस्त होत नाही.

काळाची मोजणी

जोडणी कशी बदलत गेली ते पाहायचं तर एकच चौकोन निरनिराळ्या वर्षांत मोजा. गुगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीत जुनी चित्रं मिळतात. स्पष्ट चित्रं २००० नंतरची, आणि गावागणिक वेगळ्या वर्षापासून. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे जुने नकाशे गावाचा पसारा आणि गाडीमार्ग पाहायला उत्तम, पण त्यांत १ किलोमीटर म्हणजे अवघे २ सेंटिमीटर. गल्ल्या त्यात मावत नाहीत, म्हणून त्यावरून चौक मोजू नका. मोजले तर जुन्या काळी जोडणी फार वाईट होती असा उलटा निष्कर्ष निघेल.

दर वेळी दोन आकडे लिहा: त्या वर्षीचा संपूर्ण चौकोनाचा, आणि मागच्या मोजणीनंतर नव्याने आलेल्या रस्त्यांचा. पहिला आकडा हळूहळू घसरतो आणि कोणाचं लक्ष जात नाही, दुसऱ्यात घसरण तिथल्या तिथे दिसते. कधी दहा-पंधरा वर्षांनी पहिला आकडा किंचित सुधारतो. एखादा डीपी रस्ता शेवटी झाला, नाल्यावर मोरी पडली. असं का सुधारलं ते तारखेसह लिहून ठेवा. कोणता एक दुवा जोडल्याने किती फरक पडला, याचं तेच उदाहरण पुढच्या अर्जाला जोडता येतं.

जोड कुठे आणि कधी मागायचा

ले-आऊट मंजूर होऊन प्लॉट विकले गेले की वेळ गेलेली असते. शेवटचा रस्ता बांधापर्यंत न्यायला ९ मीटर रुंद आणि ३० मीटर लांब पट्टी लागते असं धरा. २७० चौरस मीटर, म्हणजे पावणेतीन गुंठ्यांच्या जवळपास. तेवढ्यात जवळजवळ दोन प्लॉट बसतात. विकासकाला जोड नको असतो तो या दोन प्लॉटांसाठी. तो वाईट माणूस आहे असं नाही, शेजारच्याने जोड सोडलेला नाही तर मी एकट्याने का सोडू, असा त्याचा साधा हिशोब असतो. म्हणून ही मागणी मंजुरी देणाऱ्या कार्यालयापुढेच करायची. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत (२०२०) शेजारच्या जमिनीतल्या रस्त्यांशी मेळ घालण्याची तरतूद आहे. अर्जात तिचा उल्लेख करा.

ले-आऊटच्या नकाशात तीन जागा तपासा. रस्ता हद्दीपर्यंत पोचतो, की एक प्लॉट अलीकडेच थांबतो? पोचला तरी टोकाशी फूटभराची पट्टी मालकाच्या नावावर ठेवली आहे का? आणि दहा टक्के ओपन स्पेस नेमका रस्त्याच्या तोंडापुढे टाकलाय का? तिसऱ्या प्रकारात निदान २ ते ३ मीटरची पायवाट त्या मोकळ्या जागेच्या कडेने मागा. पूर्ण रस्ता नाही मिळाला तरी शाळेची मुलं आणि सायकली सुटतात.

विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली हरकती-सूचना मागवल्या जातात. मुदत नोटिशीत छापलेली असते आणि ती भराभर सरते, म्हणून मोजणी आधीच तयार हवी. हरकतीत भावना कमी, गट नंबर जास्त. ‘गट क्रमांक अमुकच्या पूर्व हद्दीपर्यंत ९ मीटर रस्ता वाढवावा, त्याने शाळेचं अंतर १,१५० वरून २६० मीटरवर येईल’ असं एक वाक्य आणि ए-४ नकाशा. सकाळच्या मोजणीतला पाऊलवाटेचा आकडा त्याखाली. मंजूर डीपी रस्त्यांची यादीही पाहा. आराखडा लागू होऊन दहा वर्षं उलटली आणि जमीन घेतलेली नसेल तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर त्या जमिनीवरचं रस्त्याचं आरक्षण संपतं. गावाची जोडणी अशी कागदावरही तुटते, आणि बातमीही होत नाही.

रहिवाशांचा विरोध गृहीत धरा. रस्ता जोडला की बाहेरच्या गाड्या शिरतील, चोऱ्या होतील, असं म्हणणारे भेटतात आणि त्यांची काळजी खोटी नसते. एकच दुवा जोडला तर सगळी वाहतूक खरंच त्यावरून लोटते. चार दुवे एकदम जोडले तर ती विभागली जाते. म्हणून मागणी एकेका टोकाची न करता चौकोनभर एकत्र करा. फक्त पायी वाट हवी असेल तर तोंडाशी खांब रोवता येतात. पण चाकाच्या खुर्चीला जाता येईल इतकी फट ठेवली की दुचाकीही जाते, हे आधीच सांगून टाका.

शेवटी मातीचं काम. दोन कॉलन्यांनी मुरूम वेगवेगळ्या उंचीपर्यंत भरलेला असतो, त्यामुळे मधल्या बारा-पंधरा मीटरमध्ये मीटरभराचा चढ निघू शकतो. मान्यता मिळवण्याआधीच गवंड्याची पाण्याची नळी लावून उंचीतला फरक मोजा. १ मीटर चढासाठी २० मीटर लांबी मिळाली तर सायकल आणि हातगाडी सुखाने जाते. तेवढी जागा नसेल तर उंच बाजूचा रस्ता मागे काही अंतर खरवडून उतार लांबवावा लागतो, आणि तो खर्च अंदाजपत्रकात दिसला पाहिजे. बांधाच्या कडेने बहुधा पावसाचं पाणी वाहतं. तिथे पाईप न टाकता नुसता भराव केला तर पहिल्याच जोरदार पावसात पाणी वरच्या घरांत शिरतं, आणि मग लोक रस्ता स्वतःच फोडतात. ६०० मिलिमीटरपेक्षा बारीक सिमेंट पाईप गाळाने भरतो आणि साफ करता येत नाही. काळ्या मातीवर थेट खडी पसरू नका, ती फुगते-आकसते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात मधोमध भेग पडते. वरची माती काढून मुरमाचा थर दाबून घ्या, पाणी मारून रोलर फिरवा, मगच खडी. काम दसऱ्यानंतर सुरू केलं तर माती वाफशावर असते आणि दबाई नीट बसते.